रताळ्याच्या शेतातलं मंगळसूत्र: डिटेक्टरवाल्यांचा छंद आणि त्यांची पोटापाण्याची कामं

बेळगावच्या पश्चिमेला उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णीच्या पट्ट्यात तांबड्या मातीत रताळी होतात. पावसाळ्यात वेल लावायचे, दिवाळीच्या आगेमागे काढणी करायची आणि पोती भरून बेळगावच्या मार्केट यार्डात पाठवायची, असा इथला क्रम. याच पट्ट्यातल्या एका गावात काढणीच्या दिवशी घरच्या मालकिणीचं मंगळसूत्र शेतात पडलं. दोन वाट्या, चार सोन्याचे मणी, बाकी काळी पोत. सासूकडून आलेला दागिना. घरच्यांनी माती चाळून पाहिली, मजूर बायकांनी सरीन् सरी हाताने उकरली. काही लागलं नाही, तेव्हा नात्यातल्या एकाने आम्हाला निरोप धाडला.

आम्ही म्हणजे बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले मोजके लोक, ज्यांना मेटल डिटेक्टरचा नाद आहे. हरवलेल्या अंगठ्या, पैंजण, मातीखाली गेलेले पाण्याचे व्हॉल्व्ह, जमिनीच्या हद्दीच्या लोखंडी खुणा अशा वस्तू आम्ही शोधून देतो. पैसे घेत नाही. एक जण खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले हवालदार, दुसरा हेस्कॉम या वीज कंपनीचा लाईनमन, तिसरा शहापूरचा सोनार, चौथा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डर. खानापूरचे एक निवृत्त सर्व्हेअर आहेत आणि एका इस्पितळातल्या स्टाफ नर्सबाई आहेत. मी पतसंस्थेत हिशेब लिहितो आणि इथेही वही माझ्याकडेच असते.

हे प्रकरण एवढ्या तपशिलाने लिहितो आहे, कारण लोक आम्हाला पहिला प्रश्न यंत्राबद्दल विचारतात. कुठलं घेतलं, कितीला पडलं, किती खोल बघतं. मला वाटतं, आधी विचारावं ते माणसाच्या कामाबद्दल. यंत्र फक्त आवाज देतं. तो कुठे ऐकायचा, कसा ऐकायचा आणि ऐकल्यावर काय करायचं, हे ज्याने त्याने आपल्या रोजच्या कामातून आणलेलं असतं. या शेतात ते मला फार स्वच्छ दिसलं.

ज्या देशात हा छंद सर्वांत जास्त मुरला आहे, त्या इंग्लंडमध्येही मोठे शोध लावणारी माणसं साध्या कामांतलीच आहेत. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातल्या हॉक्सनला एरिक लॉज नावाचा निवृत्त माळी आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि त्याला रोमनकालीन सोन्याचांदीचा साठा लागला. नाणीच १४ हजारांच्या वर होती. त्याने सगळं उपसलं नाही, खबर दिली, आणि उरलेलं काम पुरातत्त्वाच्या लोकांनी केलं. तो हातोडाही सापडला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवला गेला. २००१ मध्ये केंट परगण्यात रिंगलमीअरचा कांस्ययुगातला सोन्याचा पेला एका निवृत्त इलेक्ट्रिशियनला मिळाला. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ ५२,५०३ रोमन नाण्यांनी भरलेला रांजण लागला तो इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या डेव्ह क्रिस्पला. रांजणाचं तोंड दिसताच त्याने खड्डा बुजवला आणि तज्ज्ञांना बोलावलं. त्यामुळे तो साठा थराथराने काढता आला आणि कोणती नाणी वर होती, कोणती तळाशी, हे कळलं. हा स्वयंपाकी आमच्या बैठकीत अनेकदा निघतो, आणि या प्रकरणातही त्याचं नाव निघालं.

यंत्राचा जन्मही असाच कामातून झालेला. गेरहार्ड फिशर हा अमेरिकेतला इंजिनिअर रेडिओवरून विमानाची दिशा ठरवणारी उपकरणं बनवायचा. खनिजांच्या भागावरून जाताना ती चुका करतात हे त्याच्या ध्यानात आलं, त्यातून त्याने धातू शोधणारं यंत्र बांधलं आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसाट्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारा हलका डिटेक्टर बनवला आणि १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत तो वापरला गेला. आमचे हवालदार त्या परंपरेतले. सुरुंग शोधायचं शिक्षण त्यांनी फौजेत घेतलं आणि हातात तीच शिस्त राहिली.

आधी प्रश्न, मग यंत्र

शेत दीड एकराचं, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने ६० गुंठे. गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे ६५ हजार चौरस फुटांवर यंत्र फिरवायचं. त्यात माती नांगराने उलटलेली. आम्ही यंत्रं गाडीतून काढत होतो तेव्हा नर्सबाई मालकिणीला घेऊन बांधावर बसल्या.

त्यांनी मंगळसूत्राबद्दल फारसं विचारलंच नाही, दिवसाबद्दल विचारलं. सकाळी किती वाजता आलात, मावशी? चहा कुणी आणला? कुठे बसून प्यालात? अंगात शर्ट होता का? आमच्याकडे शेतात काम करताना बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात. मावशी आधी "काय आठवत न्हाई बाई" एवढंच म्हणत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. शर्टाचा विषय निघाल्यावर त्यांना आठवलं: चहाच्या वेळी मंगळसूत्र पुढे लोंबत होतं म्हणून त्यांनी ते शर्टाच्या आत टाकून वरचं बटण लावलं होतं. म्हणजे चहापर्यंत ते गळ्यात होतं. जेवायच्या आधी टाकीवर हात धुताना बटण तुटलेलं दिसलं, तेही आठवलं. मधल्या वेळात त्या पूर्वेकडच्या सऱ्यांत रताळी वेचत होत्या आणि एक बाई कमी पडली म्हणून कापलेले वेल कवेत घेऊन बांधावर नेत होत्या.

दवाखान्यात रोग्याला "कुठे दुखतं" एवढंच विचारून भागत नाही, काल काय खाल्लं तिथून सुरुवात करावी लागते, असं नर्सबाई नंतर म्हणाल्या. त्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने ६० गुंठ्यांचे १२ गुंठे झाले आणि त्याला वेल नेण्याची एक वाट जोडली गेली. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि ते यंत्र चालू होण्याआधी झालं.

माती बोलते, तारही बोलते

हवालदारांनी १२ गुंठ्यांत पांढऱ्या दोऱ्या ताणून मीटरभर रुंदीच्या पट्ट्या आखल्या. एका पट्टीत एकच माणूस. कॉइल, म्हणजे यंत्राची खालची तबकडी, जमिनीपासून दोन बोटं वर, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर निम्मा चढलेला, पाय पुढे टाकायचा तो तपासलेल्या जागेवरच. सुरुंगाच्या शेतात हा नियम जिवासाठी असतो. रताळ्याच्या शेतात त्याचा फायदा एवढाच की तपासलेली जागा आणि राहिलेली जागा यांत घोळ होत नाही.

सुरुवात केली आणि यंत्रं ओरडायला लागली. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाची खनिजं ठासून भरलेली असतात. काळ्या रानात ज्या खोलीवरचं नाणं सहज कळतं ते इथे निम्म्या खोलीवरही हुकू शकतं. त्यात शेताच्या कडेने वीजवाहिनी गेलेली. आमच्यातल्या नव्या पोराला वाटलं, यंत्रच बिघडलं. लाईनमनने त्याच्या हातातून यंत्र घेतलं, कॉइल कमरेइतकी वर उचलून स्थिर धरली आणि ऐकलं. आवाज चालूच. "ही तार बोलतेय," तो म्हणाला. मग कॉइल खाली आणून हलवली, तर त्यात दुसरा, तुटक आवाज मिसळला. "ही माती." दोन दुखणी, दोन औषधं. मातीसाठी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वजा करायची जुळणी, त्याच जागेवर पुन्हा करायचा, संवेदनशीलता उतरवायची आणि कॉइल सावकाश फिरवायची. तारेसाठी वाट बघायची. आयपी सेटच्या, म्हणजे शेतीपंपांच्या, फिडरला वीज कधी असते आणि कधी जाते, हे त्याला पाठ. वीज गेल्यावर यंत्र पुष्कळ शांत झालं आणि आम्ही खरं काम तेव्हा केलं.

सोनाराने दुकानातून तशाच घडणीची एक वाटी आणली होती. त्याने ती दोऱ्याला बांधून त्याच मातीत वीतभर खाली पुरली आणि आम्हा प्रत्येकाला तिचा आवाज ऐकवला. ज्यांना दागिन्यांसाठी यंत्र वापरायचं आहे त्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. मंगळसूत्राची वाटी भरीव नसते. पातळ पत्र्याची असते आणि आत लाख भरलेली. सोनं उत्तम वाहक असलं तरी धातूच्या प्रकारानुसार यंत्र जो आकडा दाखवतं, तो एवढ्याशा पत्र्याचा खालीच येतो, गोळ्यांच्या चंदेरी पाकिटाच्या जवळपास. काळे मणी काचेचे, ते यंत्राला दिसतच नाहीत. बारीक कड्यांची साखळी असली तरी यंत्राला ती अखंड साखळी म्हणून कळत नाही, सुट्या कड्यांसारखी कळते, आणि कडी बारीक असली तर कळतही नाही. म्हणजे ऐकायच्या होत्या फक्त दोन वाट्या आणि नशीब असेल तर एखादा मणी. कचरा टाळायचा म्हणून चंदेरी कागदाचे आकडे यंत्रात बंद केले असते, तर वाटीही त्यातच गेली असती. सोनाराने ते बंद करू दिलं नाही.

त्याची किंमत उकरून चुकवली. औषधाची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, रोटावेटरच्या पात्याचे तुकडे, बैलांच्या पत्र्या. मोल्डर एका पोत्यावर बसून प्रत्येक तुकडा हातात घेऊन वेगळा काढत होता. बीड (ओतीव लोखंड) कुठलं, पोलाद कुठलं, गंज किती जुना, हे तो वजनावरून आणि तुटलेल्या कडेवरून सांगतो. त्याच्यामुळे एक गोष्ट कळली: पश्चिमेच्या पट्ट्यांत सगळं ट्रॅक्टरच्या काळातलं होतं आणि पूर्वेच्या बांधाजवळ जुन्या हातघडणीचे खिळे आणि बैलगाडीच्या धावेचा तुकडा निघत होता. सर्व्हेअरांनी मोबाईलमधलं टिप्पण, म्हणजे जमीन मोजणीचा जुना कच्चा नकाशा, उघडून पाहिलं. आजचा बांध पूर्वी तिथे नव्हता, त्या कडेने गाडीवाट जात होती.

थांबण्याचा प्रसंग

त्याच कडेला हवालदारांच्या पट्टीत उंच सुरातला स्वच्छ आवाज आला. सळई तिरकी, साधारण तीस अंशांत, हळू घालायची ही त्यांची फौजी सवय. माती बाजूला झाली तेव्हा हिरवटलेलं तांब्याचं नाणं दिसलं. त्याला चिकटून दुसरं, खाली आणखी. एकावरची अक्षरं वाचता येत होती: "श्री राजा शिव", मागच्या बाजूला "छत्रपती". शिवराई. मराठी माणसाच्या हातात शिवराई आली की काय होतं ते सांगायला नको. सगळे पट्ट्या सोडून धावले.

हवालदारांनी हात वर केला आणि कुणाला खड्ड्याजवळ येऊ दिलं नाही. दिसलेली नाणी तिथेच ठेवली, वर ओली माती टाकली, बाजूला खूण रोवली. मी वहीत वेळ, पट्टीचा क्रमांक, बांधापासूनचं अंतर आणि खोली लिहिली, मोबाईलवर फोटो घेतले. सोनाराला एकाने विचारलं, "चिंचेने घासून बघूया की?" तो जवळजवळ ओरडलाच. हिरवा थर आंबटाने निघतो आणि त्याच्याबरोबर अक्षरंही जातात, हे त्याच्या धंद्यातलं रोजचं ज्ञान.

खरा पेच पुढे आला. घरमालक आण्णा एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "कुणाला सांगू नका. सरकार जमीन घेईल." त्यांची भीती मला अगदी समजते. सीमाभागात मराठी शेतकऱ्याला कचेरीतला प्रत्येक कागद कन्नडमध्ये येतो. न वाचता आलेल्या कागदाची धास्ती असतेच. त्यात गुप्तधनाच्या नावाने होणारे प्रकार. रात्री खड्डे खणणारे, लिंबू-हळदीवाले आणि त्याहून वाईट. कर्नाटकाने २०१७ मध्ये अमानुष प्रथांविरोधी कायदा केला, त्यातही गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख करावा लागला. शेतात यंत्र घेऊन फिरणारी माणसं दिसली की गावात हीच शंका येते. म्हणून आम्ही कुठल्याही शेतात दिवसाउजेडी आणि पंचायतीत कल्पना देऊनच जातो.

सर्व्हेअर आण्णांच्या शेजारी बसले. चाळीस वर्षांची नोकरी शेतकऱ्यांना उतारे समजावण्यात गेलेली. त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा इंग्रजांच्या वेळेपासून, १८७८ पासून आहे. कर्नाटकाचा स्वतःचा कायदा १९६२ चा. दोन्हींचा रोख सापडलेल्या वस्तूवर आहे. ती लपवायची नाही, जिल्हा प्रशासनाला कळवायची. १८७८ च्या कायद्याने तर दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं तरी लेखी कळवणं बंधनकारक केलं आणि न कळवणाऱ्याला वर्षापर्यंत कैद ठेवली. शंभर वर्षांपलीकडचं नाणं म्हटलं की १९७२ चा पुरावस्तू कायदाही येतो, ते देशाबाहेर विकता येत नाही. राहिली जमीन. एखादी जागा केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित करायची तर आधी दोन महिन्यांची नोटीस निघते, हरकती घेता येतात. मूठभर शिवराया निघाल्याने शेत संरक्षित होत नाही. शिवराई पेशवाईत आणि पुढे इंग्रजी आल्यावरही बरीच वर्षं बाजारात चालत होती. गाडीवाटेच्या कडेला कुणाची तरी पुरचुंडी राहिली असेल. "आण्णा, सांगितलं तर पोच मिळते," ते म्हणाले. "नाही सांगितलं तर गावातला कुणीतरी सांगतोच, आणि मग तुम्ही लपवलं असं होतं."

मी फ्रोमच्या स्वयंपाक्याची हकीकत सांगितली. मावशींना ती पटली. "भांडी घासणाऱ्याला कळतं तर आपल्याला नको कळायला?" असं त्या आण्णांना म्हणाल्या. स्वयंपाकी आणि भांडी घासणारा एक नव्हे, पण त्या क्षणी मी दुरुस्ती केली नाही. आण्णा कबूल झाले.

अर्ज सर्व्हेअरांनी कन्नडमध्ये लिहिला आणि ओळीओळीने मराठीत वाचून दाखवला, मगच आण्णांनी सही केली. ग्राम लेखापालाकडून तो तहसीलदारांकडे गेला. पंचनाम्याला आलेल्यांनी माझ्या वहीतली नोंद मागून घेतली, कारण अंतर, खोली, वेळ सगळं त्यात होतं. नाणी खड्ड्यातून त्यांच्यासमोर निघाली, मोजली गेली, सील झाली आणि आण्णांच्या हातात पोच आली.

मंगळसूत्र

नाण्यांच्या गडबडीत मंगळसूत्र मागे पडलं होतं. बारा गुंठे पुरे झाले, वाटी नाही. नर्सबाईंनी पुन्हा मावशींच्या सांगण्याकडे बोट दाखवलं: कवेत घेतलेले वेल. शर्टाचं बटण तुटलं असेल तर ते वेल छातीशी धरताना. बांधावरचा वेलांचा ढीग जनावरांसाठी ठेवलेला, निम्मा संपलेला. मोल्डरने ताडपत्री आणली आणि आम्ही वेल थोडे थोडे करून तिच्यावर पसरले. मातीपासून सुटे झाल्याने यंत्राला आता काहीच त्रास नव्हता. तिसऱ्या-चौथ्या थराला आवाज आला. वेलाच्या गाठीत अडकलेली पोत, एक वाटी आणि तीन मणी.

दुसऱ्या वाटीसाठी सगळ्यांच्या मनात एकच धास्ती, गाईने खाल्ली असेल. ती निघाली वेल नेण्याच्या वाटेवर, तुडवलेल्या मातीत बोटभर खाली. लाईनमनला तो आवाज ऐकू आला तेव्हा बाकी आम्हाला काहीच कळलं नव्हतं. सोनाराच्या पुरलेल्या वाटीचा आवाज त्याच्या कानात बसला होता, असं तो म्हणाला. चौथा मणी मिळाला नाही. सोनाराने तो आपल्याकडून घातला आणि पोत नव्याने गाठवून दिली, मजुरी घेतली नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्यात सामील व्हायचं असं म्हणणाऱ्याला मी आता यंत्राची किंमत सांगत बसत नाही, तो काय काम करतो ते विचारतो. निपाणीचा एक तंबाखू वखारीतला तोलार अलीकडे आला. पन्नास किलोच्या पोत्यात किती माती आहे ते हाताने सांगतो. चाळणीवर तो बसतो तेव्हा काम दुपटीने होतं. खानापूरच्या एका कुंभाराला खापरावरून भांडं जुनं की नवं ते कळतं, आणि जुनी खापरं एका जागी दिसली की तो आम्हाला यंत्र बंद करायला लावतो. वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळची वस्ती उत्खननात निघाली, हलशी तर कदंबांची एक राजधानी. या भागात अशी जागा पायाखाली येणं अवघड नाही, आणि तिथे आमचं काम नाही.

नर्सबाईंचे प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले आहेत. शेवटचं हाताला कधी लागलं, अंगात काय होतं, कशाला मिठी मारली किंवा काय उचललं, हात कुठे धुतले, कुणाबरोबर जागा बदलली. माणूस घाबरलेला असेल तर आधी पाणी द्यायचं आणि प्रश्न घरच्यांसमोर विचारायचे नाहीत, हेही त्यांनी त्याच पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं.